मुठीचा तांदूळ

१

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि समजा, तुमच्या ओंजळीत तांदूळ आहे. दुकानातला नव्हे. साठ घरांतल्या साठ बायकांनी, सकाळी आपल्या घरचा भात चुलीवर चढवण्याआधी, एकेक मूठ बाजूच्या मडक्यात टाकलेला. कुणाची मूठ सैल, कुणाची आवळलेली. एका घरचा दाणा लांब नि पांढरा, दुसऱ्या घरचा जाडा नि लालसर, तिसऱ्याचा उकडा. तो सगळा तुमच्या ओंजळीत एकत्र आला आहे. दिसला? मग तो तसाच धरून ठेवा. या गोष्टीत एक लहान मूल जातं. ते का गेलं, याचं उत्तर तुमच्या त्या ओंजळीत आहे.

म्हैसूरच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, देवळामागच्या गल्लीत, तेव्हा एक बालनिवास होता. आईबाप नसलेली, किंवा असून पोसू न शकणारी बावीस मुलं तिथे राहत. शाळेची फी, पाटीपुस्तक, दोन वेळचं जेवण आणि दर गुरुवारी डॉक्टर, एवढं त्यांना फुकट मिळे. तांदूळ यायचा तो मुठीमुठीने. दर रविवारी कोठी सांभाळणारे मानाजीराव पोतं खांद्यावर टाकून घरोघर फिरत आणि मडकी रिकामी करून आणत.

नर्मदाबाई तिथे दुपारी गणित शिकवायला जात. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांची शिकवायची खोड गेली नव्हती. पाढे पाठ करून घेण्यापेक्षा त्या मुलांपुढे सुपात तांदूळ ओतत आणि म्हणत, "सांगा पाहू, यात किती घरं आहेत?" मुलं दाणे निवडून ढीग लावत. लाल दाणा हवालदाराच्या घरचा, उकडा मंगळूरकडून आलेल्या बाईंचा, बारीक, वासाचा जज्जांच्या घरचा. या खेळात सगळ्यांत तरबेज होती ती अकरा वर्षांची तुंगा, स्वयंपाकीण गोदाची मुलगी. तिच्या मांडीला मांडी लावून बसणारा सहा वर्षांचा वेंकटेश मात्र ढीग विस्कटून टाकायचा आणि म्हणायचा, "आता एकच घर झालं!"

बुधवारी दुपारी भात जेवून उठलेल्या मुलांना घाम फुटला. तोंडातून लाळ गळायला लागली, उलट्या सुरू झाल्या. सोळा मुलं इस्पितळात न्यावी लागली. पंधरा वाचली. दिवेलागणीच्या आधी वेंकटेश गेला.

बालनिवासाचे मानद चिटणीस सत्यनारायणराव इस्पितळात पोचले तेव्हा परिचारिका पोराच्या अंगावर चादर ओढत होती. ते भिंतीला टेकून खालीच बसले. त्यांच्या धोतराच्या काठाला कोंडा लागला होता. नर्मदाबाईंना तो दिसला आणि दिसून न दिसल्यासारखा झाला. त्या वेळी कोंड्याकडे कोण बघतं?

शुक्रवारी संध्याकाळी पोलीस आले आणि गोदाला घेऊन गेले.

२

शनिवारी सकाळी बालनिवासात चूल पेटली नव्हती. देवळातून आलेलं जेवण झाकून ठेवलं होतं. तुंगा चुलीपाशी बसली होती, हात गुडघ्यांभोवती.

"जेवलीस का गं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"बेडा अज्जी. नको मला." मग थोड्या वेळाने, चुलीकडेच बघत ती म्हणाली, "मी भरवलं त्याला. तो नको म्हणत होता."

"का नको म्हणत होता?"

"भाताला लसणीचा वास येतो म्हणाला. मी म्हटलं, येड्या, आपल्याकडे लसूण कुठून येणार? सुम्मने, उगाच नाटकं करतोस. आणि चार घास बळंच घातले." तिचा आवाज कोरडा होता. "मी पण मग जेवणार होते. पण तेवढ्यात तो आडवा झाला."

नर्मदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात रुतून बसली. त्या स्वयंपाकघरात लसूणच काय, कांद्याची पातसुद्धा कधी आली नव्हती. मग वास कसला?

त्या तडक डॉक्टर चिदंबर यांच्याकडे गेल्या. हे गुरुवारचे डॉक्टर, तरुण आणि स्पष्टवक्ते.

"पाल पडली म्हणतात भातात," नर्मदाबाई म्हणाल्या.

"आपल्याकडे काहीही झालं तरी पालच पडते, बाई," डॉक्टर म्हणाले. "मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. पालीने असं होत नाही. शेतात पिकावर मारायचं औषध पोटात गेलं की असं होतं."

"त्याला वास असतो?"

"असतो ना. लसणीसारखा उग्र." डॉक्टरांनी तोंड फिरवलं. "पण कोठीतल्या तांदळाचा नमुना आरोग्य खात्याने गुरुवारी सकाळी नेला होता. काल निकाल आला. तांदूळ एकदम स्वच्छ. म्हणजे विष कोठीत नव्हतं, ते स्वयंपाकघरात पडलं. स्वयंपाकघरात गोदाशिवाय कुणी नव्हतं, आणि तिने स्वतः त्या दिवशी घासही खाल्ला नाही. पोलिसांना आणखी काय हवं?"

"बुधवारी एकादशी होती, डॉक्टर. अर्ध्या अग्रहाराने खाल्लं नाही."

"ते मला पटतं. सोमवारी कोर्टात पटेल का?"

नर्मदाबाई उठल्या. सोमवार. मध्ये एक रविवार. आई तुरुंगात गेली तर तुंगाचं काय, हे विचारायला गोदाच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

३

मानाजीरावांचं बिऱ्हाड लष्कर मोहल्ल्यात होतं. पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे. आता भिंतीवर एक गंजकी तलवार आणि खाली शिवणयंत्र, एवढंच उरलं होतं. मानाजीराव दारातच बसले होते, दाढी वाढलेली.

"या मास्तरीणबाई. तुम्ही पण विचारायला आलात? विचारा. गल्लीतल्या बायका तर म्हणतातच, मराठ्याच्या हाती कोठी दिली, तिथेच घोटाळा झाला."

"बायकांना बोलू द्या हो. मला एवढंच सांगा, कोठीत लसणीचा वास कधी आला होता?"

मानाजीरावांनी मान वर केली. "मंगळवारी. आता तुम्ही म्हणताय म्हणून आठवलं. चिटणीससाहेब कोठीत आले, नाक मुरडलं आणि हसत म्हणाले, काय मानाजीराव, डब्यात आज काय आणलंत? मी काय बोलणार? मंगळवार म्हणजे आमच्या देवीचा वार. त्या दिवशी आमच्या घरात लसूण सोलतसुद्धा नाहीत. डब्यात दहीभात होता."

"मग तो वास कुठून आला?"

"कोण जाणे. नव्या पिंपाचा असेल म्हटलं."

"कसलं पिंप?"

"अय्यो, तुम्हाला ठाऊक नाही? जुन्या लाकडी पेटीत उंदीर शिरत होते. म्हणून साहेबांनी सोमवारी पत्र्याची दोन पिंपं आणली. रविवारचा तांदूळ मी एकात ओतला, दुसरं रिकामं ठेवलं. मंगळवारपर्यंत पेटीतला उरलेला तांदूळ शिजला. पिंपातला बुधवारी पहिल्यांदाच काढला."

नर्मदाबाईंनी वार बोटांवर मोजले. मंगळवारीच वास कोठीत होता. म्हणजे विष गोदाच्या चुलीपाशी पोचण्याआधीच तांदळात होतं. पण मग नमुना स्वच्छ कसा निघाला?

"बुधवारनंतर कोठीत गेलात?"

"कसला जातो? चूलच बंद आहे. किल्ली तशीच कमरेला आहे बघा. एक माझ्याकडे, एक साहेबांकडे."

"ती मला द्या," नर्मदाबाई म्हणाल्या.

४

कोठीचं दार उघडलं तेव्हा आत नुसता तांदळाचा वास आला. जमिनीवरच्या धुळीत दोन गोल उमटले होते. एका गोलावर पिंप उभं होतं. दुसरा गोल रिकामा होता.

"तुंगा, सूप आण," नर्मदाबाई म्हणाल्या. "आज धडा घ्यायचा आहे."

"आज?"

"आजच."

पिंपातला तांदूळ त्यांनी सुपात ओतला आणि पोरीसमोर ठेवला. "यात किती घरं आहेत, सांग."

तुंगाने सवयीने बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मग सूप उजेडाकडे नेलं. मूठभर पिंपाच्या तळातून काढून पाहिला.

"अज्जी, यात एकच घर आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. लाल दाणा नाही, उकडा नाही. सगळे सारखे. आणि नवा आहे, नखाने चुरडतो." ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "हा आपला तांदूळ नाहीच!"

मुलांनो, तुमच्या ओंजळीतला तांदूळ अजून आहे ना? मग बघा त्याच्याकडे. आरोग्य खात्याने तपासला तो तांदूळ मुलांनी खाल्लेला नव्हताच. कुणीतरी मधल्या वेळात विषारी पिंप तांदळासकट हलवलं आणि दुसऱ्या, रिकाम्या पिंपात चांगला तांदूळ भरून ठेवला. कुणी?

नर्मदाबाई सुपाच्या कडेला बसल्या आणि एकेकाला मनातल्या मनात समोर उभं केलं. गोदा? ती रोज हा तांदूळ निवडते, धुते. बदलायचाच असता तर तिने चार जातींचा आणून मिसळला असता. मानाजीराव? साठ मडकी ते आपल्या हाताने ओततात. त्यांनाही हे झोपेत कळलं असतं. बदलणारा माणूस असा होता, की ज्याला तांदूळ म्हणजे तांदूळ, सगळा एकसारखा. ज्याने बालनिवासाचा तांदूळ फक्त ताटात, भात होऊनच पाहिला होता. शिवाय त्याच्याकडे किल्ली होती.

आणि त्या संध्याकाळी त्याच्या धोतराला कोंडा लागला होता.

"अज्जी, कोण गं?" तुंगाने विचारलं.

नर्मदाबाईंना उठावंसं वाटेना. आठ वर्षं ज्या माणसाने या मुलांसाठी लोकांचे उंबरे झिजवले, पावसापाण्यात, अपमान गिळून, त्याचं नाव या पोरीपुढे घ्यायचं होतं.

"चल," त्या म्हणाल्या. "विचारू त्यालाच."

५

सत्यनारायणराव ओसरीवर आरामखुर्चीत होते. तुंगाला पाहून ते अर्धवट उठले, पुन्हा बसले.

"कृष्णराजनगरच्या तुमच्या शेतातलं भात यंदा चांगलं आलं, नाही?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"हौदु, हो. पोतं आलं होतं घरी." ते म्हणाले. आणि मग बाईंच्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आमचा तांदूळ साठ घरचा असतो, राव. तुमचा एका शेतातला होता. मुलांना तेवढं कळतं."

अंगणात कुणीतरी वाळत घातलेली लुगडी हलत होती.

"मी तीन वेळा धुतलं होतं ते पिंप," ते म्हणाले. "शिकेकाईने. चिंचेने. स्वतःच्या हाताने, नर्मदाबाई. शेतीच्या गोदामातली रिकामी पिंपं लिलावात निघाली होती. कारकून म्हणाला, साफ आहेत. एकावरची चिठ्ठी कुणी खरवडली होती. उंदरांनी कुरतडलेला तांदूळ पोरं खातात, मला बघवेना..." त्यांनी कपाळ धरलं. "बुधवारी निरोप आला, पोरं लसणीचा वास येतो म्हणतात. तेव्हा कळलं. मंगळवारी त्या बिचाऱ्या मानाजीरावाची थट्टा केली होती ना मी."

"आणि इस्पितळात यायच्या ऐवजी कोठीत गेलात."

"बालनिवास बंद पडेल, एवढंच डोक्यात होतं. एकवीस पोरं रस्त्यावर येतील."

"बावीस होती," तुंगा म्हणाली.

ते तिच्याकडे बघू शकले नाहीत.

"माझ्या अम्माला तुम्ही घेऊन जाऊ दिलंत," तुंगा म्हणाली. ओरडून नाही. पाढा म्हणावा तसं, सरळ. "मी रोज तुम्हाला पाणी आणून देते. तुम्ही प्यालात काल पण."

नर्मदाबाईंनी तिचा हात धरला. मग एकदम त्यांच्या मनात दुसरंच काही आलं, आणि त्यांचा आवाज बदलला.

"राव, तो तांदूळ कुठे आहे?"

"परसात खोल पुरला. वर दगड टाकलेत."

"आणि पिंप?"

"ते... गुरुवारी दिलं जुन्या पत्र्याच्या दुकानात. लष्कर मोहल्ल्यात."

"धुतलेलं? चकचकीत?"

सत्यनारायणराव ताडकन उभे राहिले. पायात वहाणसुद्धा न घालता ते जटकागाडी बोलवायला रस्त्यावर धावले.

६

पत्र्याचा दुकानदार चहा पीत होता. "ते पिंप? छान माल होता स्वामी. सकाळीच गेलं. मागच्या गल्लीत, कल्हईवाल्याच्या शेजारच्या बाईने नेलं. नाचणी ठेवायला."

गल्ली अरुंद होती. गाडी शिरेना. नर्मदाबाईंचे गुडघे त्या वयात पळायचे नव्हते. त्या मागे पडल्या. सत्यनारायणराव अनवाणी, ठेचकाळत. सगळ्यांच्या पुढे तुंगा.

अंगणात पिंप उन्हात तापत पडलं होतं. नाचणीची टोपली कमरेवर घेऊन एक बाई त्याच्या तोंडाशी वाकली होती. तिच्या पदराला धरून दोन लहानगी उभी होती, त्यातलं एक वेंकटेशाएवढं.

"बेडा!" तुंगा ओरडली. "नको! ओतू नका!"

ती धावत गेली आणि पिंपाच्या तोंडावर आडवीच पडली. थोडी नाचणी तिच्या पाठीवर सांडली.

"येडी का काय ही पोरगी?" बाई कानडीत खेकसली. "पैसे मोजलेत मी!"

"वास घे, अव्वा," नर्मदाबाई धापा टाकत मागून कानडीत म्हणाल्या. "आत हात नको घालू. नुसता वास घे."

उन्हाने तापलेल्या पत्र्यातून तो वास येत होता. मंद, पण ओळखू येईल असा. बाईने तो घेतला. मग टोपली खाली ठेवून दोन्ही पोरांना मागे ओढलं. नर्मदाबाईंनी सगळं सांगितलं, बुधवारपासून, एक शब्द न गाळता. मधल्या काळात सत्यनारायणरावांनी तिला तिचे पैसे परत दिले होते. ते हातात तसेच धरून ती ऐकत राहिली.

"मी इथूनच ठाण्यावर जातो," सत्यनारायणराव म्हणाले. "गोदा आज संध्याकाळी घरी येईल. मी काही लपवणार नाही आता." मग, जरा थांबून, "हे पिंप पुरावा म्हणून नेतो."

"न्या," नर्मदाबाई म्हणाल्या. "आणि मग? महिन्याभराने ठाण्यातल्या अडगळीचा लिलाव निघेल. पुन्हा कुणीतरी धुईल."

गल्लीत कल्हईवाल्याच्या भात्याचा तेवढा आवाज होता.

तुंगा उठली. पाठीवरची नाचणी झटकून ती शेजारी कल्हईवाल्याकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्यात जाड खिळा. त्याच्याकडचं एक फडकं तिने नाकातोंडावर घट्ट बांधलं होतं. पायाने ढकलून तिने पिंप पालथं केलं, बुडावर खिळा टेकवला आणि घाव घातला. पत्रा वाजला. पहिलं भोक पडायला पाच घाव लागले. दुसऱ्याला चार. ती रडत नव्हती. पण प्रत्येक घावाला तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. गल्लीतली माणसं जमली तरी तिने मान वर केली नाही.

नर्मदाबाई तिच्याजवळ बसल्या. "तू भरवलंस, बाळ," त्या हळूच म्हणाल्या. "विष तू घातलं नाहीस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळ्या ढिगात ठेव."

तुंगाने मान हलवली नाही, पण ऐकलं. सहाव्या भोकाला हातोडी घसरली. तिने मनगट झटकलं, भोवती पाहिलं. सत्यनारायणराव भिंतीपाशी उभे होते, पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

ती त्यांच्यापुढे गेली आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. मग परत येऊन पिंपापाशी उकिडवी बसली, खिळा पत्र्यावर उभा केला, आणि त्यांनी घाव घालावा म्हणून तो आपल्या बोटांत धरून ठेवला.